रायमलचे पाय

फाल्गुन उतरणीला लागला होता आणि मिठागराच्या पाट्यात, त्या उथळ वाफ्यात, मीठ दाण्याला आलं होतं. अशा दिवसांत मिठाला एकटं सोडता येत नाही. दिवसातून दोनदा दंताळं फिरवलं नाही तर तळाशी एकसंध लादी धरते, मग ती कुदळीनं फोडत बसावं लागतं. लाभू आणि तिचा नवरा रायमल तांबडं फुटल्यापासून पाट्यात उभी होती. घोट्याच्या वर खारं पाणी, हातात दीड पुरुष लांबीचं लाकडी दंताळं, आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर सपाट, भाजून निघालेलं रण.

बांधावर पाणी उपसायच्या इंजिनापाशी सासरा वशरामबापा बसला होता. चाळीस वर्षं मिठाची चकाकी बघून त्याचे डोळे गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. पण इंजिनाच्या धापेवरून विहिरीत पाणी किती उरलंय ते तो बिनचूक सांगे.

लाभू सासऱ्याशी कधी बोलली नव्हती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याच्यासमोर यायचं तर पदर हनुवटीखाली येईतो ओढायचा आणि सांगायचं असेल ते तिसऱ्याला सांगायचं, ही त्यांची रीत. गावी जिवीकाकी होती, तिच्या तोंडून निरोप जात. रणात आठ महिने तिसरं माणूस कुठून आणायचं? म्हणून लाभू इंजिनाला सांगे.

"रोटला झालाय म्हणावं," ती इंजिनाकडे वळून म्हणाली.

"येतो म्हणावं," बापा इंजिनालाच म्हणाला.

रायमल दंताळ्यावर हनुवटी टेकवून हसला. "आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं इंजिनाशी. मी आपला उगीच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, बापाला दिसत नाही. पदर ओढतेस कुणासाठी?"

"त्यांना दिसत नाही. मला दिसतं ना."

बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि कांदा. रायमल पहिला घास मोडणार तोच लांबून धूळ उठली. रणात गाडी दिसते आणि पोचते यांत अर्धा तास जातो. तिघांनी तेवढ्यात जेवण उरकलं. कुणाची गाडी असेल याचा अंदाज रायमलनं बांधला होता. चार दिवसांमागे पलीकडच्या शेठच्या पाट्यावरच्या, सूर्यावर वीज करायच्या प्लेटी चोरीला गेल्या होत्या, आणि तसल्या प्लेटी जोडायचं काम त्या बाजूला एकट्या रायमलला येत होतं.

गाडी बांधाला लागली. लाभूनं पदर खाली ओढला. आता तिला जमीन तेवढी दिसत होती, आणि जमिनीवर आलेले बुटांचे तीन जोड. एक काळा, टाचा झिजलेला. एक कापडी, पांढरा. मधला तपकिरी, चकचकीत, त्याच्या डाव्या बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली.

"रायमल कोण?" तपकिरी बुटाचा आवाज आला.

"मीच, साहेब. दोन कोसांत दुसरं कोण दिसतंय?"

"जीभ बरी चालते रे."

"इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय, साहेब."

कापडी बूट जरा हसल्यासारखा हलला. तपकिरी हलला नाही.

"दोन प्रश्न विचारायचेत. गाडीत बस."

"पाय धुतो, चप्पल घालतो, आलोच." पाट्यातून निघालं की गोड पाण्यानं पाय धुवायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. तसं केलं नाही तर भेगांत खार भरतो आणि तास-दोन तासांत माणूस तळमळतो.

"तसाच चल. लग्नाला नाही चालला."

रायमल निघाला. त्याची उघडी पावलं बांधाच्या भुसभुशीत मातीवरून गेली. पंजे रुंद, बोटं फाकलेली, टाचेला उभ्या तीन भेगा. गाडीपाशी ती थांबली आणि वळली.

"मी येईतो डाव्या पाट्यात दंताळं फिरव गं," तो म्हणाला.

बापा तिथंच बसला होता. लाभूनं पदराआडून मान हलवली. बोलली नाही.

तो संध्याकाळी आला नाही. तिनं डाव्या पाट्यात दंताळं फिरवलं, मग उजव्याही. दिवेलागणीला राखणदेव वाछडादादाच्या तसबिरीपुढे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, ती तिची ठरलेली. ती सकाळी निरंकार बसलेली असतानाच पाण्याचा टँकर आला. टँकरवाला खाली उतरला नाही, काचेतूनच म्हणाला, "बापा, झिंझपरच्या ठाण्यावर बोलावलंय. बसा दोघं, मी सोडतो."

"बोलावलंय, म्हणजे जामीन द्यायला का?" बापानं विचारलं.

टँकरवाला स्टिअरिंगकडे बघत राहिला.

ठाण्यात त्यांना बाकावर बसवलं. जमादार रजिस्टर घेऊन आला. त्यानं सावकाश वाचून दाखवलं: रायमल वशराम याला काल पाच वाजता चौकशी करून सोडून दिलं, तो आपल्या पायांनी निघून गेला, सात वाजता वेशीबाहेर पडलेला आढळला, इस्पितळात नेईतो मयत. डॉक्टरांचं म्हणणं, हृदय बंद पडलं.

"अठ्ठावीस वर्षांचं हृदय?" बापा म्हणाला.

"हृदयाला वय नसतं, बापा. इथं अंगठा द्या, म्हणजे मढं ताब्यात मिळेल."

सरकारी इस्पितळाच्या मागच्या ओसरीवर रायमल पांढऱ्या चादरीत बांधलेला होता. चिरफाड उरकली होती. सरपंच घनुभाबापू आधीच हजर होते. लाकडाची सोय त्यांनी केली होती, ट्रॅक्टर उभा केला होता. "उन्हाचे दिवस आहेत, वशराम. सूर्य मावळायच्या आत उरकून घेऊ. साहेबसुद्धा म्हणाले, गरिबाला त्रास नको."

बायकांच्या घोळक्यात लाभू बसली. सगळे बापये समोर, म्हणून पदर छातीपर्यंत. आणि म्हणूनच चेहऱ्याकडे तिची नजर गेलीच नाही, पायांकडे गेली. चादर तोकडी पडली होती. तळवे तिच्याकडे होते.

त्या तळव्यांना रोज तेल तीच लावायची. कुठली भेग कुठून सुरू होते ते ती झोपेत सांगू शकली असती. आता भेगा दिसतच नव्हत्या. तळवा टम्म सुजून काळानिळा झाला होता आणि भेगांच्या कडा बाहेर उलटल्या होत्या. टाचेपासून चवड्यापर्यंत आडवे, जाड, एकाखाली एक पट्टे.

ती जिवीकाकीच्या कानाला लागली. "काकी, बापांना सांगा, पाय बघा म्हणावं. जाळू नका म्हणावं."

जिवीकाकी सत्तरीची. तिनं समोर उभे असलेले पोलीस बघितले, बापू बघितले. "आत्ता? एवढ्या माणसांत?"

"सांगा, काकी."

काकी उठली, दोन पावलं गेली, आणि बापूंनी विचारलं, "काय गं, जिवी?"

"काही नाही, बापू. पोरगी रडतेय," काकी म्हणाली आणि परत येऊन बसली.

लाभू स्वतः उठू शकली असती. पदर मागे सारून ओरडू शकली असती. पुढे कितीतरी दिवस पाट्यात उभी राहून ती हेच मनाशी घोळवत राहिली, की तेव्हा आपले पाय का उचलले नाहीत, जीभ का हलली नाही. सासऱ्यासमोर, दिरांसमोर, बापूंसमोर. ती बसून राहिली. ट्रॅक्टर सुरू झाला.

दुसऱ्या सकाळी बापा आणि चुलत दीर राख सावडायला गेले. रायमल सगळा जळाला होता. पाय राहिले होते.

मीठ पिकवणाऱ्या माणसाचं हे असंच होतं. वर्षानुवर्षं खार पिऊन पिऊन पायाचं कातडं चामड्यासारखं होतं, त्याला आग धरत नाही. बापाच्या बापाचे असेच उरले होते. ते गोळा करायचे, मिठात बांधायचे आणि ज्याच्या त्याच्या पाट्याच्या कडेला छोटा खड्डा करून पुरायचे. त्यात कुणाला नवल वाटत नाही.

बापानं ते दोन्ही हातांत घेतले. जाळानं वरचा घोटा करपला होता, तळवे काळे पडले होते पण शाबूत होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून तो अंगठ्यानं चाचपत होता. टाचेवरून चवड्याकडे. मग पुन्हा. दीर म्हणाला, "बापा, चला. ऊन होतंय." बापा तिसऱ्यांदा अंगठा फिरवत होता.

घरी आल्यावर तो काही बोलला नाही. लाभूही बोलली नाही. बारावं झालं आणि दोघं रणात परतली, कारण मीठ थांबत नाही. बापानं स्वतः कुदळ घेऊन डाव्या पाट्याच्या बांधाला गुडघाभर खड्डा खणला. दोन घमेली मीठ घातलं, पाय ठेवले, वर चार घमेली मीठ आणि मग माती. लाभू लांब उभी होती. तिनं जे पाहिलं होतं ते तिच्यापाशी राहिलं, त्यानं जे चाचपलं होतं ते त्याच्यापाशी. मधे इंजिन चालू होतं.

चैत्रात मिठागर कामगारांच्या मंडळाकडून दमुबेन वकील आल्या. जाड चष्म्याच्या, सुती साडी नेसलेल्या, येताना अर्धा रस्ता चालत आलेल्या. झोपड्यात बसून त्यांनी तीन कप चहा घेतला तेव्हा कुठं त्यांना घाम पुसायची शुद्ध आली.

"कोठडीत माणूस मेला की न्यायाधीशानं चौकशी करायची असते," त्या म्हणाल्या. "पोलीस म्हणतात तो कोठडीत मेलाच नाही. सुटला म्हणून रजिस्टरात त्याचा अंगठा आहे."

"अंगठा?" लाभू झोपड्याच्या कुडाला म्हणाली. "तो सही करायचा. रात्रीच्या वर्गात शिकला होता. र काढताना शेपटी लांबवायचा."

दमुबेननी वहीत लिहून घेतलं. "ते म्हणतील, हाताला मिठाच्या चिरा होत्या म्हणून अंगठा घेतला. डॉक्टरनं तेच केलंय. तळव्यांवरच्या जखमांबद्दल लिहिलंय, मिठागरात काम करणाऱ्यांना असतात तशा जुन्या भेगा."

कुडापाशी लाभू आणि दारात बापा, दोघंही एकदमच हलली. बेननी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"काय झालं?"

मग बापा म्हणाला, "काही नाही, बेन. भेगा काय, आम्हांला असतातच."

चौकशी सुरू झाली. रायमलला नेलं त्या दिवशी कोठडीत ओसमाण नावाचा पाण्याच्या पाइपांच्या चोरीतला माणूस होता. त्यानं दमुबेनना सगळं सांगितलं होतं: पायांखाली कशी लाकडी फळी घेतली, दांडा कुणाच्या हातात होता, कोण बसलं मांड्यांवर, कोण मोजत होतं. न्यायाधीशासमोर तोच ओसमाण म्हणाला, "मला झोप लागली होती." बाहेर पायरीवर लाभू बसली होती, तिच्यापुढून जाताना तो थबकला. "बेन, माझ्या पोरींचं लग्न व्हायचंय," एवढंच म्हणाला. ठाण्यातला कॅमेरा त्या दिवशी नादुरुस्त होता.

मग लाभूची पाळी. एका लांब खोलीत बारा माणसं साध्या कपड्यांत ओळीनं उभी. रायमलला पाट्यावरून न्यायला आलेले कोण ते हात लावून दाखवायचं. लाभूनं पदर वर केला, कपाळापर्यंत. बारा चेहरे. एकही तिनं कधी पाहिला नव्हता.

ती खाली बघू लागली. बाराही जणांच्या पायांत सारख्या रबरी चपला होत्या.

"चेहरे पाहिले होते ना, बाई?" न्यायाधीशांनी विचारलं. आवाज कडक नव्हता.

"नाही, साहेब. सासरे होते ना तिथं. तोंडावर पदर ओढला होता. बूट पाहिले."

"बूट?"

"एकाच्या डाव्या बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली होती."

लिहिणारा कारकून ओठ मिटून हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, लिहा: ओळखता आलं नाही.

परतताना झिंझपरच्या फाट्यावर दमुबेननी उसाचा रस घेतला, लाभूनं नुसतं पाणी. एकादशी होती.

"माझं चुकलं का, बेन?"

"तुझं काय चुकलं? त्यांना चेहरा लागतो." बेन ग्लास फिरवत राहिल्या. "आता काही म्हणता काही हातात नाही. शरीर जळालं. साक्षीदार फिरला."

आणि मग तिथं, रसवाल्याच्या घुंगरांच्या आवाजात, लाभूनं सांगितलं. चादर तोकडी होती ते. आडवे पट्टे. आणि ते पाय जळालेले नाहीत, मिठात आहेत.

बेननी ग्लास खाली ठेवला. "कधी पुरले?"

"बाराव्यानंतर."

"आषाढात तिथं समुद्राचं पाणी येतं ना?"

"चार महिने. काही उरत नाही. बांधसुद्धा नाही."

"म्हणजे दीड महिना आहे. अर्ज मी करते. पण घरच्यांची ना नको. तुझ्या सासऱ्यांना विचार."

त्या दिवशी रणात पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. तिनं दिवा लावला, रोटला थापला. बापा इंजिनाला टेकून बसला होता. इंजिन बंद होतं.

लाभू समोर येऊन बसली. पदर होताच. पण तोंड इंजिनाकडे नव्हतं.

"बापा," ती म्हणाली.

त्याचं तोंड आवाजाच्या दिशेनं वळलं. आठ वर्षांत हा आवाज त्याच्या दिशेनं असा आला नव्हता.

"बोल, वहू."

"पाय उकरायचे म्हणतात."

"एकदा मातीत ठेवलेलं माणूस उठवत नसतात."

"मी पाहिले होते. इस्पितळात. काकींना सांगितलं, तुम्हांला सांगा म्हणून. काकी उठल्या आणि बसल्या."

"मला काकीची गरज नव्हती. मी हात फिरवला होता." त्यानं आपला उजवा अंगठा डाव्या तळहातावर टाचेकडून चवड्याकडे नेल्यासारखा ओढला. "पाच होते डाव्यावर. उजव्यावर मोजता आले नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

बापा हलकेच म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत नाही. कशाला तुझ्या डोळ्यांपुढे आणायचं. माझ्या हाताला कळलंय तेवढं पुरे." मग थोड्या वेळानं, "ते उघडतील, कापतील, बाटलीत घालतील."

"हो."

"परत देतील?"

"देतील म्हणतात."

"उकरू दे," बापा म्हणाला. "मला मात्र त्या दिवशी कुठंतरी दुसरीकडे बसव."

पण त्या दिवशी तो दुसरीकडे बसला नाही. ज्येष्ठाच्या शेवटच्या आठवड्यात मामलतदार आले, जिल्ह्याचे मोठे डॉक्टर आले, कॅमेरावाला आला, आणि बंदोबस्ताला झिंझपरच्या ठाण्याचे दोन शिपाई. वारा फिरला होता, नैर्ऋत्येला ढग दिसायला लागले होते. बापानं बोट दाखवून जागा सांगितली आणि तिथंच उभा राहिला. मजुरानं कुदळ उचलली तेव्हा म्हणाला, "फावड्यानं काढ, भाई. कुदळ नको."

मीठ घट्ट धरलं होतं. डॉक्टरांनी हातमोजे घालून ते स्वतः खरवडून काढलं. पाय निघाले तेव्हा कॅमेरावाल्यानं तोंड फिरवलं, पण फिरवण्यासारखं काही नव्हतं. वास नव्हता. मिठानं ठेवले होते तसे राहिले होते. डॉक्टरांनी तळवा उन्हाकडे धरला, पट्टीनं मोजलं, दोनदा मोजलं, लिहिणाऱ्याला आकडे सांगितले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "पहिल्यांदा कुणी बघितलं होतं हे?"

पाय काचेच्या बरणीत गेले, बरणी लाकडी पेटीत, पेटीला लाख आणि शिक्का. लाभूला एक पावती मिळाली. सात दिवसांनी रणात पाणी आलं.

पावसाळा संपून मंडळी पुन्हा रणात उतरली तेव्हा अहवाल आला. बेननी झोपड्यात बसून वाचला. जाड कातडीच्या आत रक्त साकळलेलं आहे, जखमा मरणाआधीच्या आहेत, गोल दांड्यानं मारल्याच्या आहेत, मिठाच्या भेगा नाहीत. लाभूनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. बापा म्हणाला, "मग आता त्यांना धरणार."

"आता परवानगी लागते, बापा," दमुबेन म्हणाल्या. "ते सरकारी माणसं. कामावर असताना जे केलं त्याबद्दल खटला चालवायचा तर वरून मंजुरी यावी लागते."

"मारणं हे काम होतं का?"

"तेच ठरवायला मंजुरी लागते."

बापा थोडं हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "आणि मंजुरी कोण देणार?"

"त्यांचेच वरचे."

कागद वर गेला. एक प्रश्न घेऊन खाली आला. पुन्हा वर गेला. मीठ एकदा निघालं, दुसऱ्यांदा निघालं. तपकिरी बुटांची बदली झाली, बढतीवर. रण दोनदा भरलं आणि दोनदा सुकलं. दर खेपेला नवा बांध घालायचा, नवी विहीर खणायची, आणि दर खेपेला लाभू डाव्या पाट्याच्या कडेला गुडघाभर खड्डा करून ठेवी. पाय आले तर धावपळ नको.

पाय आले नाहीत. तपासणीहून ते परत आले, पण मुद्देमाल म्हणून ज्या ठाण्याचा गुन्हा त्या ठाण्याच्या कोठीत गेले. हे लाभूला कळलं ते समन्स घ्यायला गेली तेव्हा. कोठी सांभाळणारा म्हातारा हवालदार तिच्यामागे फाटकापर्यंत आला.

"तुझी पेटी माझ्याकडे आहे, बेटा," तो म्हणाला. "पकडलेल्या दारूच्या बाटल्यांशेजारी नाही ठेवली. वरच्या फळीवर एकटीच आहे. सकाळी कुलूप काढलं की मी उदबत्ती लावतो."

लाभूनं वळून इमारतीकडे पाहिलं. रायमल तिथूनच गेला होता आणि तिथंच होता.

हे तिनं बापाला सांगायला नको होतं. पण आता दोघं बोलत होती, आणि बोलायला लागल्यावर लपवणं जमत नाही. त्या दिवसापासून बापा खंगला. अंथरूण धरलं नाही, पण खाटेवरून उतरेना. दर अमावास्येला विचारी, "सोडला का गं त्याला?" पाय म्हणत नसे.

मार्गशीर्षात घनुभाबापूंची गाडी बांधाला लागली. बरोबर गूळ आणला होता. बापू खाटेशेजारी बसले, वशरामचा हात हातात घेतला. वाईट माणूस नव्हते. गावच्या प्रत्येक मयताला लाकडं त्यांचीच असत.

"वशराम, किती दिवस असा झुरणार? पाय सोडवून आणतो मी. सगळ्यांशी बोललोय. सुनेनं एका कागदावर अंगठा द्यायचा, की आमची तक्रार नाही. चौकशी बंद, मुद्देमाल मोकळा. आठ दिवसांत इथं, तुझ्या हातात."

बापानं मान वळवली. लाभू चुलीपाशी होती. पदर होता, पण तिला बापाचा चेहरा दिसत होता. त्यावर इतकी आस होती की तिला बघवेना. ती उठली. आपला नवरा आपला, पण मुलगा त्याचा. आणि म्हातारं माणूस कुठवर थांबणार?

"देते अंगठा," ती म्हणाली.

बापूंनी खिशातून कागद काढला, शाईची डबी काढली. "शहाणी पोर आहे."

"बापू," खाटेवरून आवाज आला. "वाचून दाखवा."

"अरे, त्यात काय वाचायचं? वकिली भाषा."

"मला दिसत नाही, तिला वाचता येत नाही. तुम्ही वाचा. सगळं."

बापूंनी चष्मा लावला. पहिली चार वाक्यं झरझर वाचली. पुढे आवाज जरा खाली गेला. "…माझे पती मिठाच्या पाट्यात काम करीत असल्याने त्यांच्या तळपायास मिठामुळे जखमा व भेगा होत्या, ही बाब मला पूर्वीपासून माहीत आहे. त्यांस कोणीही मारहाण…"

"थांबा."

बापा कोपरावर उठला. पायांवरची गोधडी त्यानं बाजूला केली आणि दोन्ही पाय खाटेवरून बापूंच्या मांडीजवळ सरकवले. फत्तरासारखे, राखाडी, भेगांनी जाळी पडलेले.

"हे मिठानं केलंय," तो म्हणाला. "चाळीस वर्षं लागली. हात लावून बघा, बापू. लावा ना."

बापूंनी हात लावला नाही.

"मीठ उभं फाडतं. बोटांकडून टाचेकडे. आडवं नाही फाडत. मिठावर माझ्या घरातून खोटा आळ जायचा नाही."

"तुझ्या मुलाचं क्रियाकर्म अडलंय, वशराम."

"अडू द्या." त्याला धाप लागली. तो परत आडवा झाला. लाभूनं बापूंपुढे चहाची बशी ठेवली. त्यांनी ती प्यायली, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं. कागद घडी करून खिशात गेला. गाडी सुरू झाली आणि अर्धा तास दिसत राहिली.

लाभू खाटेच्या पायथ्याशी बसली. तेलाची वाटी जवळ ओढली. सासऱ्याच्या पायांना सुनेनं हात लावायला हरकत नसते, ती सेवाच. तिनं टाचेच्या भेगांत तेल भरायला सुरुवात केली.

"वहू, पुढची तारीख कधी आहे?"

"पौषातली एकादशी."

"तू उपाशी जाशील."

"सवय आहे."

बापानं डोळे मिटले होते. "माझेही जळणार नाहीत," तो म्हणाला. "पण मला त्याच्या खड्ड्यात ठेवू नकोस. मला अलीकडे ठेव, इंजिनाच्या बाजूला. त्याचा त्याला मोकळा राहू दे."

"बरं."

"वाऱ्यानं भरत असेल तो."

"भरतो. दर आठ दिवसांनी."

तिनं हात पुसले, कुडाला टेकवलेलं फावडं घेतलं आणि डाव्या पाट्याच्या बांधाकडे निघाली.